कॉर्डचं नाव सांगणारा कीबोर्ड : एका पेटीवाल्याचे नऊ महिने

वीसेक वर्षं पेटीवर साथ केल्यानंतर मी गेल्या वर्षी एकसष्ट पट्ट्यांचा कीबोर्ड घेतला, तो कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवलेले तीन-चार स्वर, समजून घ्यायचे म्हणून. आमच्या भावगीतांच्या गटात गिटारवाला "इथे ए मायनर, मग जी सेव्हन" म्हणायचा आणि मी आपला गाण्याचे सूर धरून बसायचो. या मॉडेलमध्ये पट्ट्या दाबल्या की पडद्यावर कॉर्डचं नाव उमटतं. त्या सोयीसाठीच तो घेतला, म्हणून इथे लिहितोय तेही बहुतेक तिच्याबद्दलच.

पहिले दोन महिने त्या पडद्याने खरंच खूप शिकवलं. सा, ग, प दाबलं की मेजर. ग कोमल केला की मायनर. सा ते ग चार अर्धस्वर (काळ्या-पांढऱ्या मिळून चार पट्ट्या पुढे) आणि ग ते प तीन, की मेजर. तीन आणि चार असा क्रम झाला की मायनर. तीन-तीन म्हणजे डिमिनिश्ड, चार-चार म्हणजे ऑगमेंटेड. एवढं मोजता आलं की तक्ते पाठ करावे लागत नाहीत.

अडलो ते 'सेव्हन'पाशी. नुसतं सेव्हन म्हटलं की नी कोमल असतो. शुद्ध नी हवा असेल तर 'मेजर सेव्हन' म्हणावं लागतं. म्हणजे 'मायनर' हा शब्द गंधाराबद्दल बोलतो आणि 'मेजर सेव्हन'मधला 'मेजर' निषादाबद्दल. हे कळेपर्यंत 'मायनर मेजर सेव्हन' हे नाव मला छपाईची चूक वाटत होतं. कोमल ग आणि शुद्ध नी, इतकाच त्याचा अर्थ. नाइन, इलेव्हन, थर्टीन म्हणजे पुढच्या सप्तकातले रे, म, ध. सस फोर म्हणजे ग काढून त्या जागी म. आपल्या सरगमेत बसवलं की ही नावं परकी राहत नाहीत.

तिसऱ्या महिन्यात पडद्यावरचा माझा आंधळा विश्वास संपला. सा म्हणजे सी हा सूर धरला, तर सा, ग, प, ध दाबले की तो सी सिक्स म्हणतो. तेच चार स्वर ठेवून ध खाली घेतला की ए मायनर सेव्हन. स्वर तेच, फक्त तळाचा स्वर बदलला. आणखी एक उदाहरण : गटात बेस गिटार असेल तर सा तो वाजवतो, म्हणून मी ग, प, कोमल नी आणि वरचा रे एवढेच वाजवतो. ऐकणाऱ्याला तो सी नाइन ऐकू येतो. पडदा मात्र ई मायनर सेव्हन फ्लॅट फाइव्ह दाखवतो, कारण बेसवाला काय वाजवतोय ते त्याला ठाऊकच नाही. कॉर्डचं नाव त्याच्या आधी काय वाजलं, पुढे कुठे जायचंय आणि तळाशी कोणता स्वर आहे यावरून ठरतं, आणि ते ठरवायला कानच लागतो. स्वरांची जागा उलटीपालटी केली तरी कॉर्डचा मूळ स्वर तोच राहतो, हा विचार फ्रेंच संगीतकार रामो याने १७२२मध्ये सविस्तर मांडला. मला तो पट्ट्यांवर बोटं ठेवूनच पटला.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो स्वरांच्या मांडणीत, म्हणजे व्हॉइसिंगमध्ये. सुरुवातीला मी डाव्या हाताने मंद्र सप्तकात सा-ग-प जवळजवळ धरायचो आणि गाण्याखाली नुसता गढूळ आवाज व्हायचा. दोष स्पीकरचा वाटला. हेडफोन लावले तरी गढूळच. मग ग उचलून वरच्या सप्तकात नेला, खाली फक्त सा आणि प ठेवले, आणि तोच कॉर्ड स्वच्छ झाला. खाली अंतर मोठं ठेवायचं, वर गेल्यावर स्वर जवळ आणायचे. सेव्हनच्या कॉर्डमध्ये प सोडला तरी चालतो. ग आणि नी सोडले तर कॉर्डची ओळखच जाते.

आणि मग एके रात्री पंचमाचा सेव्हन लक्षात आला : प, नी, रे, म. त्यावरून षड्जाच्या मेजरवर येताना प जागचा हलत नाही, नी वर सरकून सा होतो, म उतरून ग होतो. दोन बोटं जेमतेम एकेक पट्टी हलतात आणि सगळं गाणं घरी परतल्यासारखं होतं. तोवर मी प्रत्येक कॉर्डला हात उचलून नवीन ठिकाणी ठेवत होतो. आता आधी बघतो की कोणता स्वर तसाच ठेवता येईल. पेटीवाल्यांनी एवढं एक केलं तरी साथ बदलेल, असं मी मनापासून सांगतो.

गाण्याची पट्टी, म्हणजे सा, बदलताना इंग्रजी नावं कुचकामी ठरतात. आमच्या गटातल्या ताई काळी चारमध्ये गातात (चौथी काळी पट्टी हा त्यांचा सा), दादा काळी एकमध्ये. म्हणून वहीत मी आता 'सा मेजर, ध मायनर, म मेजर, प सेव्हन' असंच लिहितो. शुद्ध स्वरांत सा, म, प यांवर मेजर येतो, रे, ग, ध यांवर मायनर आणि नी वर डिमिनिश्ड. ट्रान्सपोजचं, म्हणजे सगळे सूर एकदम वर-खाली सरकवणारं, बटण आहे, पण मी ते वापरणं सोडलं. बोटांना पट्टी कळली पाहिजे.

रागावर आधारलेल्या गाण्यांना जपून हात लावावा लागतो. भूप रागातल्या एका अभंगाला मी सवयीने म मेजर लावला. ताई थांबल्या आणि म्हणाल्या, "अहो, इथे म कुठून आला?" भूपात म नाहीच. सा, रे, ग, प, ध एवढ्यांतून तीन स्वरांचे मेजर-मायनर कॉर्ड दोनच निघतात : सा-ग-प आणि ध-सा-ग. यमनात म तीव्र असल्यामुळे रे वरचा कॉर्ड मेजर होतो, आणि त्याने यमनाचा रंग खुलतो. गोव्यातून मुंबईला आलेल्या सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्या हिंदी चित्रपटसंगीतातल्या संयोजकांनी आपल्या चालींखाली पाश्चात्य स्वरसंगती बसवली. ते काम किती नाजूक होतं हे मला त्या 'म'नंतर उमगलं.

एक उणीव यंत्राची नाही, सप्तकाचे बारा सारखे भाग करणाऱ्या समान सप्तकाचीच आहे. कीबोर्डचा गंधार सा पासून ४०० सेंटवर (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग), तंबोऱ्यात ऐकू येणारा सुमारे ३८६वर. तंबोरा चालू असताना मेजर कॉर्ड लांबवला की ग टोचतो. तेव्हा मी फक्त सा-प धरतो.

घेणार असाल तर पट्टीवरच्या दाबाप्रमाणे आवाज कमी-जास्त होणाराच घ्या, नाहीतर कॉर्डमधला वरचा स्वर उठून दिसत नाही. सस्टेन पेडल, म्हणजे पायाने दाबून स्वर लांबवायचं, मला वेगळं घ्यावं लागलं. एका बोटाने कॉर्ड वाजवायची सोय पहिल्या आठवड्यानंतर बंद करून टाका.

त्या अभंगात आता 'म'च्या जागी ध-सा-ग आहे, सा सगळ्यात वर ठेवून. परवाच्या तालमीत ताई तिथे थांबल्या नाहीत.