मेलचा ठसा: पायझरचा नेमका की रस्पॅमडीचा ढोबळ?

पायझर आणि रस्पॅमडी ही स्पॅम पकडणारी सॉफ्टवेअर; मेलच्या मजकुरातून त्याची छोटी खूण, म्हणजे ठसा, काढतात. नाव, आकडा, लिंक बदलून तोच स्पॅम पुन्हा आला तर या ठशावरून ओळखायचा, एवढंच इथे दोघांचं काम. उद्यमनगरातल्या फाउंड्रीच्या पन्नास-साठ खात्यांना दोन्ही झेपतात, म्हणून वेगाची चर्चा नको.

पायझर मजकुरातले ईमेल पत्ते, लिंका, एचटीएमएल टॅग आणि मोकळ्या जागा काढतो, ८ अक्षरांहून लहान ओळी टाकून देतो. चारपेक्षा जास्त ओळी उरल्या तर मजकुराच्या २० टक्क्यांपासून ३ आणि ६० टक्क्यांपासून ३ ओळी घेऊन त्यांचा एसएचए-१ (मजकुरापासून ठरावीक लांबीचा आकडा, म्हणजे हॅश, बनवायची एक रीत) काढतो. इंग्रजी स्पॅमवर हे छान चालतं. भलत्याच मेलशी जुळण्याची भीतीही कमी, हा गुण लहान नाही.

घोडं अडतं मराठीवर. स्पॅमवाले अर्थहीन अक्षरमाळा चिकटवतात, म्हणून सलग १० किंवा जास्त अक्षरांचा तुकडा पायझर उडवतो. पण काना, मात्रा, हलन्त सगळे वेगळे मोजले जातात. 'कोल्हापूर' ९ वर वाचतं, 'कोल्हापूरला' ११ होऊन जातं. 'ग्राहकांना' बरोबर १०, तेही गेलं. 'कोल्हापुरी चपला' मधल्या नुसत्या चपला उरतात! मागे राहतं 'आपले', 'आहे', 'करा', जे कुठल्याही पत्रात सापडेल. मर्यादा वाढवता येते, पण मग आपला ठसा सार्वजनिक सर्व्हरवर इतरांनी नोंदवलेल्या स्पॅमच्या ठशांशी जुळत नाही, आणि पायझर घ्यायचा तो त्यासाठीच.

रस्पॅमडी ३-३ शब्दांच्या सरकत्या खिडक्यांतून (एकेक शब्द पुढे सरकत घेतलेल्या गटांतून) ३२ हॅश काढतो. निम्म्याहून जास्त जुळले की ओळख पटते. वीज तोडण्याची धमकी देणाऱ्या मेलमध्ये मधला एखादा शब्द बदलला तर तीनच खिडक्या बिघडतात. उणीव आहेच: दोन ओळींच्या मेलला खिडक्या पुरत नाहीत, आणि तळाशी तोच लांबलचक डिस्क्लेमर असलेली दोन साधी कोटेशनं आपसात जुळू शकतात. म्हणून फझी-अॅड (मेल स्पॅम म्हणून रस्पॅमडीला शिकवायची आज्ञा) करताना वजन इतकंच द्या की एका तक्रारीवर मेल परत जाणार नाही. तरी रोजच्या मराठी मेलसाठी माझा कल इकडेच.

स्वतःची स्क्रिप्ट लिहिणार असाल तर क्रम सांभाळा: आधी बेस६४ किंवा क्वोटेड-प्रिंटेबल (मेल पाठवताना मजकूर गुंडाळायच्या रीती) उलगडा, यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात आणा, एचटीएमएलमधला लपवलेला मजकूर काढा, मग न दिसणारी शून्य-रुंदीची चिन्हं काढा, मग एनएफसी (एकच अक्षर निरनिराळ्या संकेतांनी लिहिलं असेल तर ते एकसारखं करणारं युनिकोड रूप) करा. 'दऱ्या' दोन तऱ्हांनी टाइप होतो, त्यामुळे शेवटी 'ऱ' चा साधा 'र' करा. ठसा कुणी वाचणार नाही. आकड्यांच्या जागी ० घाला. एनएफकेसी हे एनएफसीचं जास्त कडक रूपही देवनागरी आकडे इंग्रजी करत नाही, त्या भरवशावर राहू नका. आणि पायथनच्या 're' (मजकुरातले नमुने शोधायचं साधन) मध्ये विरामचिन्हं काढायला मोठ्या डब्ल्यूचं '\W' (अक्षर-आकडे सोडून बाकी सगळं) वापरू नका: ते मात्रांना अक्षरांत धरत नाही, 'काम', 'कमी', 'कामे' तिन्हींचं 'कम' होतं.

नियम बदलला की जुने ठसे निकामी होतात, तेव्हा शिकवलेल्या स्पॅमच्या मूळ फायली जपून ठेवा.