फोन लागतो, कागद अडतो: सीमाभागातल्या बालसंरक्षण सेवेचं परीक्षण

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यात एखादं मूल स्टँडवर एकटं सापडलं, मारहाणीला कंटाळून घरातून निघून आलं, बाप गेल्यावर आईला दोघं-तिघं पोसणं जमेना झालं, तर जी सरकारी सेवा आहे तिची दारं चार. १०९८ हा मुलांच्या मदतीचा फोन, जिल्हा बालसंरक्षण कक्ष, बाल कल्याण समिती आणि बालगृह. पाट्या कन्नडमध्ये असतात, म्हणून नावं लक्षात ठेवा: फोनला ‘मक्कळ सहायवाणी’ आणि समितीला ‘मक्कळ कल्याण समिती’ म्हणतात. सरकारी बालगृहाच्या पाटीवर ‘बालमंदिर’ असतं, तो शिशुवर्ग समजून पुढं जाऊ नका.

आमचं मत आधीच सांगतो. कायदा भक्कम आहे, फोन उपयोगी आहे, दरमहाची मदत तर फारच मोलाची आहे. सगळं अडतं ते मधल्या एका कागदापाशी. गेल्या काही वर्षांत तपासणी कडक झाली ती बहुतेक इमारतींची. त्या कागदाची तपासणी कुणी त्याच कडकपणे करत नाही.

फोनपासून सुरुवात. १०९८ ही सेवा १९९६ मध्ये मुंबईत सुरू झाली आणि पुढं देशभर स्वयंसेवी संस्थांनी चालवली. २०२३ पासून ती टप्प्याटप्प्यानं राज्य सरकारांच्या नियंत्रण कक्षांकडे गेली आणि ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडली गेली. फोन फुकट आहे, दिवसरात्र चालतो. फोन उचलणारा बेळगावचा असेलच असं नाही, म्हणून पहिल्याच वाक्यात गाव, तालुका, जिल्हा आणि राज्य चारही सांगा. नुसतं ‘खानापूर’ म्हणालात तर सांगली जिल्ह्यातही खानापूर तालुका आहे. कागल कोल्हापूर जिल्ह्यात, कागवाड बेळगाव जिल्ह्यात. घाबरलेल्या पोराच्या तोंडून दोन्ही सारखंच ऐकू येतं. एवढ्या चुकीवर मूल चुकीच्या राज्यात परत पाठवलं जाऊ शकतं. मराठीतूनच बोलायचं असेल तर तेही सुरुवातीलाच सांगा आणि फोनची तारीख, वेळ लिहून ठेवा.

दोन गोष्टी मात्र करू नका. मुलाचा फोटो व्हॉट्सअॅपवर फिरवू नका. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. आणि दयेपोटी ‘चार दिवस आमच्याकडेच राहू दे’ असं करू नका. पालकांपासून तुटलेलं मूल सापडल्याचं प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत कळवणं २०१५ च्या बाल न्याय कायद्यानं बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही.

बाल कल्याण समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात. महिन्यात निदान वीस दिवस बसणं अपेक्षित आहे. तिला न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार आहेत, पण वकील लागत नाही, फी नाही. समिती बसलेली नसेल, रात्र असेल, सुट्टी असेल, तरी मुलाला एका सदस्यासमोर हजर करता येतं. ‘सोमवारी या’ हे उत्तर कायद्यात बसत नाही. शेवटचा निर्णय मात्र किमान तीन सदस्यांचा असावा लागतो. अथणीकडच्या लोकांना बेळगावपेक्षा मिरज जवळ, तरी मूल कर्नाटकात सापडलं तर समिती बेळगावचीच.

आता तो कागद. त्याचं नाव सामाजिक तपास अहवाल. बाल न्याय कायद्याखालच्या केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांत तो नमुना २२ आहे. समितीनं सांगितल्यावर तो पंधरा दिवसांत यावा आणि मूल पहिल्यांदा हजर झाल्यापासून चार महिन्यांत अंतिम आदेश व्हावा, अशी कायद्याची चौकट. मूल घरी जाणार, मामाकडे जाणार की बालगृहात राहणार, हे प्रत्यक्षात या अहवालावर ठरतं. समिती मुलाला काही मिनिटं पाहते. अहवाल लिहिणाऱ्यानं घर पाहिलेलं असतं, निदान पाहिलेलं असायला हवं.

बिघडतं कसं ते पाहा. समजा, मुलगी म्हणाली, ‘मामाकडं ऱ्हाईन, पण मामी काय म्हणती ते आधी इचारा.’ विचारणाऱ्याला मराठी जेमतेम येतं, कागद कन्नडमध्ये भरायचा आहे. कागदावर उतरतं: ‘मामाकडे राहण्यास तयार.’ मुलीनं जी अट घातली होती, तीच गळाली. तीन महिन्यांनी मामीनं हाकललं की ती पुन्हा स्टँडवर, आणि मग शिक्का बसतो ‘सारखी पळणारी मुलगी’. बोली बेळगावची असो वा चंदगडची, तिचं म्हणणं तिच्याच शब्दांत, देवनागरीत, अहवालात आधी यावं आणि खाली कन्नड अनुवाद. हे मागणं जादा नाही. पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, त्याच्या २०२० च्या नियमांनुसार जिल्हा कक्षाकडे दुभाष्यांची यादी असावी लागते. दुभाष्याची पात्रताही साधी ठेवली आहे: मुलाची भाषा आणि राज्यभाषा दोन्ही येत असाव्यात, मग ती मातृभाषा म्हणून, प्राथमिक शाळेचं माध्यम म्हणून किंवा त्या भागात राहून आलेली असो. या निकषात बसणारी माणसं सीमाभागात गल्लोगल्ली आहेत. ती यादी लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणांसाठी असली, तरी इतर मुलांच्या जबाबालाही त्यातला माणूस मागावा.

मराठीत अर्ज घेत नाहीत असं सांगितलं तर घटनेचं कलम ३५० दाखवा. गाऱ्हाणं राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येतं. तरी वेळ वाचवायचा असेल तर मराठी अर्जाला कन्नड पान जोडा. हक्क आपल्या जागी, पण मूल तिथं वाट बघत असतं. दोन्ही पानांवर आवक क्रमांक आणि शिक्क्याची पोच घ्या.

ऊसतोडीच्या मुलांच्या बाबतीत हा अहवाल सगळ्यात लवकर निकामी होतो. हंगामात बीडकडून आणि विजयपूरकडून टोळ्या येतात, कारखान्याच्या तळावर कोपी, म्हणजे त्यांच्या झोपड्या, पडतात. मूल ‘घर’ म्हणतं तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर ती कोप असते. मार्च-एप्रिलमध्ये कोप उठते आणि अहवालातला पत्ता मेलेला असतो. म्हणून पहिल्याच दिवशी तीन गोष्टी लिहून घ्यायला लावा: मुकादमाचं नाव आणि फोन, टोळी कोणत्या कारखान्याकडे आहे, आणि गावाकडचा आजी-आजोबांचा पत्ता. मूल महाराष्ट्रातलं असेल तर बाल न्याय कायद्याच्या कलम ९५ प्रमाणे त्याच्या जिल्ह्याच्या समितीशी विचारविनिमय करून, सगळ्या कागदांसह तिकडे पाठवायचं असतं. मुलगी असेल तर सोबत महिला पोलीस. कागद मागून पोस्टानं येतील म्हणाले तर थांबवा. तिकडची समिती सगळं पहिल्यापासून विचारते आणि मुलाला तेच दुःख पुन्हा सांगावं लागतं.

बालविवाहात सीमारेषेचा फरक फार मोठा आहे आणि तो फार थोड्यांना ठाऊक आहे. कर्नाटकानं २०१६ ची दुरुस्ती करून बालविवाह मुळातच रद्दबातल ठरवला. महाराष्ट्रात २००६ चा केंद्रीय कायदा जसाच्या तसा चालतो: लग्न रद्द करायला न्यायालयात जावं लागतं आणि सज्ञान झाल्यावर दोन वर्षांपर्यंतच. म्हणून खानापूरच्या मुलीचं लग्न महाराष्ट्रातल्या चंदगडात नेऊन लावलं की गुंता होतो. यावर एक उपाय आहे. तारीख ठरल्याचं कळताच २००६ च्याच कायद्याच्या कलम १३ खाली प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याकडून मनाई हुकूम घ्या. हुकूम मोडून लावलेलं लग्न कुठंही रद्दबातलच असतं. अर्ज पोलीस किंवा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी यांच्यामार्फत करता येतो. आधी सीडीपीओंना, म्हणजे तालुक्याच्या बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांना, गाठा. मुलीचा शाळेचा दाखला हातात असू द्या, वयाचा वाद तिथंच मिटतो.

आता सेवेतला सगळ्यात चांगला भाग. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेच्या २०२२ च्या मार्गदर्शिकेप्रमाणे मुलाला घरातच वाढवण्यासाठी महिना ४,००० रुपये मिळतात. विधवा किंवा टाकलेल्या आईची मुलं, आजी-आजोबांकडे राहणारी पोरकी मुलं, आईबाप जिवावरच्या आजारानं अंथरुणाला खिळलेले असतील ती मुलं यात येतात. उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात वर्षाला ७२,००० आणि इतरत्र ९६,००० रुपये. मंजुरी डीसींच्या (कर्नाटकात जिल्हाधिकाऱ्यांना डीसी म्हणतात) अध्यक्षतेखालची समिती देते. पोटाला मिळत नाही म्हणून मुलाला बालगृहात टाकायची वेळ या पैशानं टळते, आणि गावोगावच्या अंगणवाडी ताईंनी हे सांगत सुटावं असं आम्हाला मनापासून वाटतं.

अर्ज बालसंरक्षण कक्षात. नाडकचेरीतला (होबळीच्या महसूल कार्यालयातला) उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, मुलाचं आणि पालकाचं आधार, शाळेचं प्रमाणपत्र, बापाचा मृत्यूदाखला, बँक पासबुक. अडकतं ते नावात. आधारवर एक स्पेलिंग, बँकेत दुसरं, मृत्यूदाखल्यावर कन्नडमधून इंग्रजीत उतरवलेलं तिसरं. मंजुरी होते आणि पैसे खात्यात पडत नाहीत. अर्ज करण्याआधी तिन्ही नावं शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा. मुलाची शाळा तीस दिवसांहून जास्त बुडाली तर मदत थांबू शकते. ऊसतोडीला मूल सोबत नेणाऱ्या घरांनी हे विशेष ध्यानात ठेवावं.

बालगृहांवरच्या सरकारी नजरेबद्दल. ५ मे २०१७ ला सर्वोच्च न्यायालयानं मुलांना ठेवणाऱ्या सगळ्या संस्थांच्या नोंदणीचा आणि तपासणीचा आदेश दिला. पुढच्याच वर्षी बिहारमधल्या मुझफ्फरपूरच्या बालिकागृहातल्या अत्याचाराचं प्रकरण टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या सामाजिक लेखापरीक्षणातून उघड झालं. बाल न्याय कायद्याच्या २०२१ च्या दुरुस्तीनं जिल्हाधिकाऱ्यांचे अधिकार वाढवले. ती १ सप्टेंबर २०२२ पासून लागू आहे आणि दत्तकाचा आदेशही आता न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. तपासणी समिती तीन महिन्यांतून एकदा तरी यायला हवी, किमान तिघांची, त्यात एक महिला आणि एक वैद्यकीय अधिकारी.

मापं ठरलेली आहेत: २५ मुलांच्या झोपायच्या खोलीला १,००० चौरस फूट, सात मुलांमागे एक शौचालय, दहांमागे एक न्हाणीघर. हे टेपनं मोजता येतं, म्हणून मोजलं जातं. सूचनापेटीचं काय? ती कार्यालयापासून दूर, मुलांच्या खोल्यांजवळ असावी, किल्ली व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षाकडे आणि दर आठवड्याला उघडावी, असा नियम आहे. तुम्ही कधी भेटीला गेलात तर पेटी कुठं टांगली आहे ते आधी पाहा. अधीक्षकांच्या दारावर, कॅमेऱ्याखाली असेल तर ती रिकामीच राहणार. कुलपावर धूळ बसली आहे का तेही पाहा. आणि मराठीत लिहिलेली चिठ्ठी वाचणारं कुणी आहे का, हे नक्की विचारा.

शाळेचं माध्यम हा इथला आणखी एक दुखरा भाग. चौथीपर्यंत मराठी शिकलेलं मूल वर्षाच्या मध्ये कन्नड शाळेत बसवलं तर वर्ष तर जातंच, मूल मुकंही होतं. वैयक्तिक देखभाल आराखडा म्हणजे नमुना ७. त्यात माध्यम लिहून घ्यायचा आग्रह समितीसमोरच धरा. नंतर बालगृहात जाऊन सांगितलेलं कागदावर येत नाही.

समितीच्या कामाबद्दल गाऱ्हाणं असेल तर ते ऐकण्याचा अधिकार कायद्यानं जिल्हाधिकाऱ्यांना दिला आहे, तेव्हा थेट डीसी ऑफिस. आदेशच मान्य नसेल तर तीस दिवसांत बाल न्यायालयात अपील. प्रतिपालन (मूल दुसऱ्या कुटुंबात सांभाळायला देणं) आणि दरमहा मदतीच्या आदेशावरचं अपील मात्र डीसींकडेच. दिवस आदेशाच्या तारखेपासून मोजतात, तुम्हाला प्रत मिळाल्यापासून नव्हे. म्हणून प्रत त्याच दिवशी मागा, आणि सही किंवा अंगठा देण्याआधी आदेश मराठीत मोठ्यानं वाचून दाखवायला सांगा.