सामायिक भिंतीवर मजला चढवावा, की आतून स्वतःची भिंत घालावी?

दहिसर गावठाणातलं आमचं घर बारा फूट रुंद. उत्तरेची भिंत शेजाऱ्यांची आणि आमची सामायिक. मजला वाढवताना दोन वाटा होत्या: नवा भार त्याच भिंतीवर टाकायचा, किंवा तिला हात न लावता आतून स्वतःचे कॉलम आणि भिंत घ्यायची.

जागेच्या हिशेबात पहिली वाट सरस. आतल्या भिंतीत नऊ इंच गेल्यावर आमच्या स्वयंपाकघरात दोघांना एकमेकांना घासूनच जावं लागतं. शेजारी मालक एकच असेल आणि इंजिनीअरने भिंत तपासून होकार दिला असेल, तर कदाचित मीही तीच सुचवेन.

माझं घोडं अडलं सह्यांवर. दोघांच्या मालकीची भिंत एकट्याने उंच करता येत नाही. इंग्लंडमध्ये यासाठी १९९६ चा स्वतंत्र कायदा आहे. नोटिशीला १४ दिवसांत उत्तर आलं नाही, तर वाद आहे असं धरून तो सोडवायला सर्व्हेअर नेमतात. आपल्याकडे तशी सोय नाही. शेजारी गप्प राहिला की काम थांबलं. शेजारच्या काकू लगेच हो म्हणाल्या, पण घर अजून त्यांच्या सासऱ्यांच्या नावावर, वारस चार. एक दीर गावी, नणंद सुरतेला. सात महिने कागद घेऊन फिरलो. चौथी सही होईतो आर्किटेक्टने बीमची जागा बदलली, आणि आधी सही केलेले म्हणाले, नवा नकाशा दाखवा. त्यांचं बरोबरच होतं, भिंत त्यांचीही होती. मी तो नाद सोडला.

दुसऱ्या वाटेत ही वणवण नाही. जबाबदारी मात्र आहे. मुंबई महापालिकेला १८८८ च्या कायद्याखाली द्यायची नोटीस, नव्या बांधकामाला कलम ३३७ आणि फेरफाराला ३४२, दोन्हीकडे लागतेच. शिवाय १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणे वीस वर्षं हक्काने आणि अखंड मिळालेला उजेड, वारा आणि इमारतीला मिळालेला आधार हा शेजाऱ्याचा हक्क ठरू शकतो. त्यांची खिडकी तुमच्या जागेकडे उघडत असेल, तर ती कधीची आहे ते आधी विचारा.

सगळ्यात जपायचं ते पाया खणताना. त्यांच्या भिंतीखालची माती सुटली, तर भरपाई आपल्या गळ्यात. आम्ही कॉलमचे खड्डे एकाआड एक खणले. पहिले भरल्यावरच मधले. त्याआधी काकूंच्या घरातल्या तड्यांचे तारखेसह फोटो काढले आणि दोन मोठ्या तड्यांवर, तडा वाढला तर फुटतील अशा काचेच्या पट्ट्या चिकटवल्या. एकही फुटली नाही.

पहिल्या पावसात मात्र दोन भिंतींमधल्या फटीत पाणी उतरलं आणि ओल काकूंच्या खोलीत आली. फटीच्या माथ्यावर पत्रा बसवला, खर्च मी केला. तो त्यांच्या भिंतीवर टेकतो, म्हणून आधी त्यांना विचारलं. दर मे महिन्यात त्यांच्या गच्चीवर जाऊन त्याचे सांधे तपासून येतो.