ओआरएसची साधी पावडर: चव बेताची, काम एक नंबर

मागच्या आठवड्यात पोराला जुलाब लागले, रात्रीत इतका गळून गेला की पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर लगेच सपाट होईना, डोळे पण खोल गेलेले, म्हणजे अंगातलं पाणी पार कमी झालेलं. पहिल्यांदा मेडिकलवाल्याने ओआरएस म्हणून गोड ज्यूसचा टेट्रापॅक हातात दिला, घरी येऊन मागचं वाचलं तर साखरच साखर, लगेच परत केला आणि डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलेलं साधं पाकीट आणलं.

एका लिटरला मीठ २.६ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५, सोडियम सायट्रेट २.९ आणि ग्लुकोज १३.५ ग्रॅम, बस एवढंच. पण यातली खरी गंमत अशी की आतड्यात सोडियम आणि ग्लुकोज जोडीने आत शिरतात आणि त्यांच्या मागोमाग पाणी ओढलं जातं, म्हणून नुसतं पाणी पाजून तेवढा फरक पडत नाही, आणि साखर जास्त झाली तर उलट पाणी आतड्यात खेचलं जाऊन जुलाब वाढतात. पोटॅशियम पण जुलाबातून जातं, ते कमी झालं की स्नायू ढिले पडतात.

१९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी कॉलरात असंच मीठ-ग्लुकोजचं पाणी पाजून हजारो जीव वाचवले, मला तर वाचून भरून आलं.

चव खारट-गोड, पोरगं तोंड वाकडं करतं, चमच्याचमच्याने पाजा. अख्खं पाकीट मोजून एक लिटरमध्येच टाका, ग्लासात अर्धं नको, आणि २४ तासांनी उरलेलं ओतून द्या. सहा तासांनी त्याला शू झाली तेव्हा कुठे जीवात जीव आला. माझ्याकडून पाचपैकी पाच.