डिग, हूइज आणि आरडॅप: रोजच्या कामात वापरून आलेला अनुभव

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतले टॉवेल-चादरीचे कारखानदार आणि नवी पेठेतली काही दुकानं यांच्या वेबसाइट आणि मेल मी सांभाळतो. कुणाचं डोमेन (वेबसाइटचं नाव) कधी संपतंय, त्या नावाचा पत्ता सांगणारे नेमसर्व्हर कुठले लागलेत, मेल कुठं जातोय, हे सतत बघावं लागतं. प्रत्येक पॅनेलमध्ये लॉगिन करत बसण्यापेक्षा गेले कित्येक महिने हे काम लिनक्सच्या टर्मिनलवर आणि पायथनच्या छोट्या स्क्रिप्टवर आणलंय.

सगळ्यात जास्त वापर डिगचा. नेमसर्व्हरना प्रश्न विचारणारं, बाइंड या नेमसर्व्हर सॉफ्टवेअरबरोबर येणारं हे साधन; त्यानं माझं काम अजून कधी अडवलेलं नाही. नेमसर्व्हर बदलल्यावर 'साइट अजून जुनीच दिसतीय की ओ' असा फोन हमखास येतो. तेव्हा आधी डोमेनच्या मूळ नेमसर्व्हरलाच विचारायचं आणि मग गूगलच्या ८.८.८.८ या सार्वजनिक सर्व्हरला. मूळ सर्व्हर नवा पत्ता देत असेल आणि गूगलचा जुना, तर आपलं काम बरोबर झालंय. जुनं उत्तर किती सेकंद टिकणार तो टीटीएल समोरच असतो. मात्र गूगलकडे एकाच पत्त्यामागे अनेक कॅश (उत्तरांचे तात्पुरते साठे) आहेत, त्यामुळे लागोपाठ विचारलं तर हा आकडा मागेपुढे उड्या मारतो. घोटाळा नेमका कुठल्या पायरीवर आहे ते बघायला प्लस ट्रेस लावा, रूट सर्व्हरपासून खालपर्यंत सगळी वाट दिसते.

पण नवं डोमेन मोकळं आहे का, हे डिगला विचारू नका. एनएक्सडोमेन, म्हणजे 'असं नाव नाही', हे उत्तर आलं म्हणून गिऱ्हाइकाला शब्द दिला तर पंचाईत होईल. नोंदणी झालेलं पण नेमसर्व्हर न लावलेलं किंवा होल्डवर टाकलेलं (तात्पुरतं बंद केलेलं) नावही हेच उत्तर देतं. नोंदणीची खरी माहिती रजिस्ट्रीकडे, म्हणजे त्या एक्स्टेंशनची (डॉट कॉम वगैरे शेपटाची) मूळ नोंदवही ठेवणाऱ्या संस्थेकडे असते. ती विचारायचे दोन मार्ग, हूइज आणि आरडॅप.

हूइज १९८२ सालापासूनचं. पोर्ट ४३ वर नाव पाठवायचं, साधा मजकूर परत येतो. त्या मजकुराला ठरलेला साचा नाही, आणि स्क्रिप्ट लिहिणाऱ्याचं डोकं तिथंच फिरतं. पायथन-हूइज ही लायब्ररी प्रत्येक एक्स्टेंशनसाठी वेगळे पॅटर्न लावून तारखा काढते. कधी एक तारीख मिळते, कधी यादी, कधी काहीच नाही. तिन्ही शक्यता कोडमध्ये धराव्या लागतात. वर पायपीआयवर, म्हणजे पायथनच्या पॅकेज भांडारात, नुसत्या 'हूइज' नावाचं वेगळंच पॅकेज आहे आणि दोन्ही एकाच नावानं इंपोर्ट होतात. एका एन्व्हायर्नमेंटमध्ये दोन्ही अजिबात टाकू नका.

आरडॅपनं ही कटकट मिटवली. २०१५ साली मानक झालेला हा प्रोटोकॉल एचटीटीपीएसवरून जेसन, म्हणजे ठरलेल्या साच्यातला मजकूर, देतो. तारीख तारखेच्या जागी, स्टेटस स्टेटसच्या जागी. कुठल्या एक्स्टेंशनसाठी कुठला सर्व्हर, याची यादी आयाना या इंटरनेटचे क्रमांक-नावं सांभाळणाऱ्या संस्थेकडे असते. टर्मिनलवर मी गो भाषेतलं ओपनआरडॅप वापरतो, स्क्रिप्टमध्ये माहिती आणायला कर्ल आणि जेसन वाचायला जेक्यू पुरतात. २८ जानेवारी २०२५ पासून डॉट कॉमसारख्या जेनेरिक एक्स्टेंशनना हूइज चालवण्याची आयकॅनची (डोमेन नावांचे नियम ठरवणाऱ्या संस्थेची) सक्ती उरलेली नाही, त्यामुळे नवं काही लिहिताना आरडॅप आधी, हूइज नंतर. देशांच्या एक्स्टेंशनवर आयकॅनचा तसा करार लागू नाही, म्हणून हूइज काढून टाकता येत नाही. मालकाचं नाव मात्र २०१८ च्या युरोपीय जीडीपीआर या खाजगी माहितीच्या कायद्यानंतर बहुतेक ठिकाणी झाकलेलंच असतं.

आरडॅपची खरी किंमत एका टॉवेलवाल्या शेठजींच्या डॉट कॉमनं दाखवली. सकाळी मेल बंद, डिगवर एनएक्सडोमेन. हूइजमधली एक्स्पायरी दाखवत शेठजी म्हणाले, "ह्यात तर पुढच्या वर्षीची तारीख हाय की ओ मालक!" तारीख खरीच होती. मुदत संपली की रजिस्ट्री स्वतःच एक वर्ष पुढं ढकलते आणि ४५ दिवसांपर्यंत रजिस्ट्रार (ज्याच्याकडून डोमेन विकत घेतलं तो) ते रद्द करू शकतो. आरडॅपच्या स्टेटसमध्ये 'ऑटो रिन्यू पीरियड' आणि 'क्लायंट होल्ड' शेजारीशेजारी होते, म्हणजे पैसे पोचलेले नव्हते. त्याच दिवशी भरले आणि होल्ड निघाला. नाव रद्द झालं असतं तर ३० दिवसांचा रिडेम्प्शन (नाव परत सोडवून घ्यायची मुदत) आणि त्याचा जादा भुर्दंड, त्यानंतर ५ दिवसांत नाव कुणालाही मोकळं. तेव्हापासून माझी स्क्रिप्ट तारखेपेक्षा स्टेटस आधी वाचते. सगळी डोमेनं एका दमात विचारत नाही. सर्व्हरकडून ४२९, म्हणजे 'फार विचारणा झाली', असा कोड आला की थांबते.

देवनागरी डोमेन घेणाऱ्यांसाठी एक महत्त्वाचं. अशी नावं इंटरनेटला चालतील अशा इंग्रजी अक्षरांच्या रूपात (पनीकोड) बदलावी लागतात. पायथनमधलं त्यासाठीचं अंगभूत आयडीएनए एन्कोडिंग २००३ च्या जुन्या नियमांवर चालतं आणि झिरो विड्थ जॉइनर (अक्षरं जोडणारं अदृश्य चिन्ह) गाळून टाकतं. र, हलन्त आणि जॉइनर असं टाइप केलेलं 'दऱ्या' त्यातून गेलं की 'दर्या' होतं आणि चौकशी भलत्याच नावाची होते. 'आयडीएनए' हे वेगळं पॅकेज २००८ चे नियम पाळतं, जॉइनर राखतं. तरीही नुक्त्याच्या ऱ नं टाइप केलेलं 'दऱ्या' आणि जॉइनरचं 'दऱ्या' पडद्यावर सारखं दिसलं तरी पनीकोड दोघांचा वेगळा येतो. मी दोन्ही तपासतो.