आमारोने: घाई असेल तर उघडू नका

पहिल्या घोटावर आमारोने या इटालियन रेड वाइनबद्दल मत बनवू नका. बाटली उघडून लगेच ओतली तर आधी नाकाला अल्कोहोल झोंबतं, मागोमाग जिभेवर जाडसर गोडपणा पसरतो, आणि एवढे पैसे यासाठी मोजले का, असा प्रश्न पडतो. तास-दीड तासाने त्याच ग्लासात वाळलेल्या चेरी, अंजीर, कोको आणि थोडा तंबाखूच्या पानाचा वास येऊ लागतो. शेवटी बदामाच्या सालीसारखी बारीकशी कडवट चव रेंगाळते. माझ्या मते या वाइनचा सगळा जीव त्या कडवटपणात आहे. तो नसता तर ती नुसती उंची सिरप झाली असती.

माझ्यासमोरची बाटली 2016 सालची आहे, अल्कोहोल 16 टक्के. बाटलीची काच इतकी जाड की रिकामी झाल्यावरही हाताला भरलेली वाटते. हा दिखाऊपणा मला अजिबात आवडत नाही. काचेचं वजन वाढवल्याने चवीत तसूभरही फरक पडत नाही.

आतल्या वजनाचं कारण मात्र खरं आहे. इटलीतल्या वेरोनाच्या उत्तरेला वालपोलिचेल्लाच्या टेकड्यांवर कोर्विना, कोर्विनोने, रोंदिनेल्ला ही द्राक्षं होतात. हंगामात तोडलेले निवडक घड लगेच न चिरडता ट्रेमध्ये एकेरी थरात पसरून हवेशीर माळ्यावर वाळत ठेवतात. जुन्या काळी यासाठी बांबू-बोरूच्या चटया असत, आता बहुतेक ठिकाणी प्लास्टिकचे क्रेट आणि पंखे आले. तीन-चार महिन्यांत द्राक्षांचं वजन साधारण तिसऱ्या हिश्श्याने किंवा त्याहूनही जास्त घटतं. पाणी उडतं, साखर, आम्ल, सालीतला अर्क मागे राहतो. नियमानुसार शंभर किलो ताज्या द्राक्षांतून फार तर 40 लीटर वाइन काढता येते. एवढी साखर आंबली की अल्कोहोल चढणारच. किमान 14 टक्के हवं असा नियम आहे, पण प्रत्यक्षात 15-16 सर्रास दिसतं.

त्यामुळे हिचा भरदारपणा काबेर्ने सोव्हिन्यों किंवा ताना या द्राक्षांच्या वाइनसारखा नाही. तिथे टॅनिन, म्हणजे द्राक्षाच्या सालीतून-बियांतून येणारं तुरट द्रव्य, हिरड्या आवळून धरतं, तोंड कोरडं पडतं. आमारोनेत टॅनिन असतं, पण मवाळ. भार येतो तो अल्कोहोल, ग्लिसरॉल (आंबताना तयार होणारं दाटसर द्रव्य) आणि शिल्लक राहिलेल्या किंचित साखरेतून. ग्लास फिरवला की काचेवरून ओघळणारे थेंब किती सावकाश उतरतात ते पाहा.

आता प्यायची कशी. सर्वात महत्त्वाचं तापमान. ‘रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी’ हे वाक्य थंड दगडी घरांतून आलेलं आहे; तिथली खोली म्हणजे 17-18 अंश. त्याहून गरम खोलीत ठेवलेली आमारोने प्यायलात तर अल्कोहोलच्या वाफेपुढे दुसरं काही कळणार नाही. बाटली अर्धा-पाऊण तास फ्रीजमध्ये ठेवून काढा. किंचित जास्त गार झाली तरी हरकत नाही, ग्लासात चढेलच. गरम झालेली वाइन टेबलावर सावरत बसणं जास्त कटकटीचं.

बाटली बरीच वर्षं आडवी असेल तर आदल्या दिवशी उभी करून ठेवा म्हणजे गाळ तळाशी बसतो. मग डिकँटरमध्ये, म्हणजे वाइनला हवा लागावी म्हणून वापरतात त्या रुंद पोटाच्या काचेच्या भांड्यात, हलक्या हाताने ओता आणि गाळ मानेपाशी दिसला की थांबा. डिकँटर नसेल तर काचेचा स्वच्छ जग चालतो, मी तोच वापरते. नुसतं बूच काढून बाटली उघडी ठेवण्याला मात्र काही अर्थ नाही. मानेच्या एवढ्याशा तोंडातून हवा कितीशी लागणार? ग्लास मोठ्या पोटाचा घ्या आणि एक तृतीयांशच भरा. ग्लासात ओतलेल्या दीडशे मिली वाइनमध्ये 16 टक्क्यांच्या हिशेबाने जवळपास 19 ग्रॅम अल्कोहोल असतं, 12 टक्क्यांच्या वाइनमध्ये 14. हलक्या वाइनच्या सवयीने ग्लास रिते करणाऱ्यांना हा फरक उठताना कळतो.

खाण्यासोबत ही वाइन जरा हट्टी आहे. नाजूक चवीच्या कुठल्याही पदार्थाला ती चिरडून टाकते, आणि तिखटावर तर ओतूच नये, एवढं अल्कोहोल तोंडातली आग भडकवतं. वेरोनाकडे तिच्यातच शिजवलेला रिसोत्तो हा मऊसर भात करतात, किंवा तासन्‌तास मंद आचेवर शिजलेलं मांस. मला विचाराल तर जेवण उरकल्यावर मुरलेल्या, खारट, कडक चीजचे तुकडे, आणि सोबत ही. चीजमधला खारटपणा गोडव्याला जागेवर आणतो. ग्राना पादानो या इटालियन चीजचा जुना तुकडा तोंडात विरघळू देत घोट घेतला की तेवढ्यापुरता जाड काचेचा राग विसरायला होतो.

उरलेल्या वाइनला बूच लावून फ्रीजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी ती बिघडत तर नाहीच, माझ्या जिभेला उलट जास्त मोकळी लागली: अल्कोहोलचा चटका खाली बसलेला, अंजीर पुढे आलेलं. तिसऱ्या दिवसानंतर मात्र फळ विझायला लागतं.

ही बाटली परत घेईन का? वर्षातून एखादी, आणि प्यायला चौघं असतील तरच. दोघांनी एका बैठकीत संपवायची ही गोष्ट नाही. चव आवडली पण वजन झेपलं नाही, तर त्याच टेकड्यांवरची रिपासो ही वाइन घ्या. तिथल्या साध्या वालपोलिचेल्ला वाइनला आमारोनेच्या उरलेल्या चोथ्यावर पुन्हा आंबवून ती करतात. स्वस्त पडते, जेवताना सोबतीला चालते, आणि तिच्यासाठी दीड तास वाट पाहावी लागत नाही.