डायव्हिंगसाठी घेतलेली कयाक: मिशिगनच्या तळ्यांवरचा एक हंगाम

पाठीवर हवेची टाकी घेऊन करायच्या डायव्हिंगसाठी कयाक, म्हणजे वल्हवायची छोटी अरुंद होडी, बघायला गेलं की दुकानातला माणूस ती किती हलकी आणि किती सरळ चालते तेच सांगत बसतो. मे ते ऑक्टोबर वापरल्यावर माझं मत वेगळं झालंय. गारठलेल्या बोटांनी पाण्यातून तिच्यावर परत चढता येतं का, आणि टाकी वर ओढताना ती किती कलते, एवढं आधी बघा. वल्हवायला कशी आहे ते मग.

कयाकच कशाला, हे घरातूनही विचारून झालं. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात ११,००० हून जास्त तळी आहेत, पण काठ बहुतेक खाजगी. बोट पाण्यात उतरवायचा रॅम्प एका टोकाला आणि बघण्यासारखं काही असलंच तर भलतीकडे. हिगिन्स लेकचंच घ्या. पाणी नितळ, सर्वांत खोल जागी १३५ फूट, आणि किनाऱ्यापासून लांब ‘संकन आयलंड’ नावाचा बुडालेला उंचवटा. त्याच्या कडेवरून तळ भरकन खाली जातो. टाकी पाठीवर घेऊन तिथवर पोहत जायचं म्हणजे पाण्याखाली जाण्याआधीच दम संपला. मोटारबोट घ्यायची तर ट्रेलर, नोंदणी आणि गॅरेजवरून रोजची भांडणं. खाजगी कयाकला मोटर लावली नाही तर इथे नोंदणी लागत नाही.

आता वजनाचा हिशोब, कारण बरेच जण इथेच फसतात. अ‍ॅल्युमिनियम ८० ही डायव्हिंगची नेहमीची टाकी रिकामी १४ किलोच्या वर, व्हॉल्व्ह आणि हवेसकट १७-१८. बीसीडी (टाकी अडकवायचं, हवेने फुगणारं जॅकेट), रेग्युलेटर (टाकीतून श्वास घ्यायचं यंत्र), वेट्स (खाली जाण्यासाठी लावायची शिशाची वजनं), जाडा सूट, नांगर, पाणी, डबा धरून सामान चाळीस किलोपर्यंत जातं, वर आपण. (वेट्स इथे कमी लागतात. तारकर्लीच्या खाऱ्या पाण्यात जेवढी लावत होतो त्यातली दोनेक किलो गोड्या पाण्यात सरळ काढली.) कंपनी लिहिते ती क्षमता म्हणजे बुडायच्या आधीचा आकडा समजा. त्याच्या ७० टक्क्यांत आपलं सगळं बसलं पाहिजे. ४०० पौंडांची कयाक म्हणजे आपल्यासाठी २८०, जेमतेम १२७ किलो.

आत पाय घालून बसायची कयाक पहिल्याच दिवशी बाद. उलटली की पाणी भरतं आणि पाण्यातून तिच्यात परत बसणं सामानासकट जमत नाही. हवा भरायची कयाक फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला मोहात पाडते, पण टाकीचा व्हॉल्व्ह आणि झेब्रा शिंपल्यांच्या धारदार कडा पाहता मला धीर झाला नाही. होबी कंपनीची पायाने चालवायची कयाक मस्त चालते, हात मोकळे राहतात. पण एकट्याने गाडीच्या टपावर चढवून दाखवा! शेवटी वर बसायची, साडेबारा फुटी, ३३ इंच रुंद, मागे टाकीसाठी खोलगट जागा असलेली घेतली. माझ्या सोबत्याकडे ओशन कयाकची मालिबू टू आहे, १२ फूट लांब आणि ३४ इंच रुंद. दोघांची असली तरी मधल्या जागी एकट्याला बसता येतं आणि पुढे-मागे ऐसपैस जागा उरते. एका इंचाने काय होणार असं वाटेल, पण टाकी काठावर टेकवली की त्याची कयाक माझ्या कयाकपेक्षा कमी कलते.

माझ्या कयाकची मागची जागा खरं तर मासेमारीच्या क्रेटसाठी केलेली, सपाट तळाची. त्यात टाकी लोळते. पोहायच्या नूडलचे दोन तुकडे कापून दोन्ही बाजूंना दाबून बसवले, तेव्हा ती गप्प बसली. सोबत आलेल्या रबरी दोऱ्या जॅकेट अडकवायला ठीक, टाकीला नाहीत. त्याजागी बकलचा पट्टा लावला.

उतरताना टाकी लावलेलं बीसीडी फुगवून, दोरीला अडकवून आधी पाण्यात सोडायचं, मग आपण उतरून पाण्यातच घालायचं. परत येताना आधी वेट्स वर, मग बीसीडी काढून त्याच दोरीला. फिन्स मात्र पायातच ठेवायचे. दोन्ही हात कयाकच्या पलीकडच्या कडेपर्यंत नेऊन जोरात पाय मारले की पोट कयाकवर येतं, मग वळून बसायचं आणि टाकी शेवटी ओढायची. फिन्स आधी काढले तर लटकत राहाल. जुलैतही वर २३-२४ अंश असलेलं पाणी थर्मोक्लाइनखाली, म्हणजे जिथे तापमान एकदम उतरतं त्या थराखाली, दहाच्या खाली जातं, तेव्हा हे तळ्याच्या काठाजवळ आधी घोटून घ्या.

नांगराने मात्र वैताग आणला. घडीचा छोटा नांगर मार्लच्या (चुनखडीच्या) मऊ चिखलात नांगरणी करत सरकतो. आता थोडा जड आहे, पुढे हातभर साखळी आहे, आणि आम्ही दोराला धरूनच खाली उतरतो, म्हणजे तो रुतलाय की नाही ते डोळ्यांनी दिसतं. खाली डायव्हर आहे हे सांगणारा लाल-पांढरा झेंडा इथे कायद्याने लागतो, किमान १४ बाय १६ इंच. बोटींनी त्यापासून २०० फूट लांब राहायचं असतं आणि आपण १०० फुटांच्या आत. गळ अडकवायच्या भोकात त्याची काठी चपखल बसते. तरी जुलै-ऑगस्टच्या शनिवारी जेट स्कीवाले झेंडा जवळून बघायला येतात, म्हणून आम्ही सकाळी सातला पाण्यात.

तक्रार एकच, पण मोठी. कयाकच्या तळाला असलेल्या, पाणी जाण्याच्या भोकांत खुंट्या घालून तिला जमिनीवरून न्यायची दोन चाकांची ढकलगाडी बरोबर मिळाली होती. टाकीचं वजन वर असताना खडबडीत रॅम्पवर तिने एका भोकाच्या कडेला तडा पाडला. दुकानाने हात वर केले. प्लॅस्टिक वेल्डिंग करून घेतलं, अजून टिकलंय. पट्ट्याने बांधायची रुंद टायरची ढकलगाडी घ्या, आणि टाकी वेगळी न्या.

निघताना पाणवनस्पती काढणं आणि बुच उघडून पाणी सोडणं २०१९ पासून इथे सक्तीचं आहे. टाकीच्या खोबणीत हमखास गवत राहतं, हात घालून बघा.

नव्याने घ्यायची वेळ आली तर मालिबू टूसारखी घेईन. तुमचं वजन ९५ किलोच्या पुढे असेल तर माझ्या मापाच्या कयाकवर दोन टाक्यांचा विचारही करू नका.